साल कोणतं?

टेबलावर एक घोडेस्वार आहे. घोड्यावरून उतरला तर टाचेपासून डोळ्यांपर्यंत ५४ मिलिमीटर भरेल, फार तर पंचावन्न. हिरवा कोट, पितळी शिरस्त्राण आणि त्यावरून पाठीवर लोंबणारी घोड्याच्या केसांची काळी झुलपी. खोक्यावर छापलंय, ‘फ्रेंच ड्रॅगून, नेपोलियनचा काळ’. नातवाला खेळायला न्यायचा असेल तर एवढी माहिती पुरे. संग्राहकाचं मात्र तेवढ्यावर भागत नाही. तो घोडेस्वार उचलतो, पाठमोरा करतो आणि भिंग लावून कोटाच्या मागच्या पल्ल्यावर तांदळाच्या दाण्याएवढी खिशाची पट्टी शोधतो. पट्टी आडवी आहे की उभी?

प्रश्न वेडगळ वाटेल, पण त्यामागे एका लष्करी कचेरीचं डोकं आहे. १८०३ नंतर फ्रान्सकडे ड्रॅगूनांच्या ३० रेजिमेंटा होत्या आणि सगळ्यांचा कोट हिरवाच. तीस रेजिमेंटांना तीस वेगळे रंग कुठून आणायचे? म्हणून सहा-सहाचे पाच गट केले. पहिल्या सहांना लाल, ७ ते १२ यांना किरमिजी, १३ ते १८ यांना गडद गुलाबी, १९ ते २४ यांना पिवळा आणि उरलेल्या सहांना ‘ओरोर’, म्हणजे पहाटेच्या आभाळाचा नारिंगी. प्रत्येक गटात पहिल्या तिघांचे खिसे आडवे, पुढच्या तिघांचे उभे. मग राहिल्या कॉलर आणि बाहीच्या पट्ट्या. पहिल्या आणि चौथ्या रेजिमेंटला दोन्ही रंगीत, दुसऱ्या आणि पाचव्याची कॉलर हिरवी, तिसऱ्या आणि सहाव्याची बाहीची पट्टी हिरवी. पाच रंग, दोन खिसे, तीन तऱ्हा: झाले तीस.

आता टेबलावरचा ड्रॅगून पुन्हा पाहायचा. कॉलर पिवळी, बाही हिरवी, खिसा उभा. म्हणजे हा चोविसाव्या रेजिमेंटचा. रंगवणाऱ्याने खोगिरामागच्या वळकटीवर २१ आकडा काढला असेल, तर त्याला आकडा तरी कळला नव्हता किंवा खिसा तरी.

इथवर आलेला माणूस खूश होतो. पण या छंदात मुरलेले लोक त्याला हमखास दुसरा प्रश्न टाकतात: साल कोणतं? समजा, एखाद्याने तिसऱ्या ड्रॅगून रेजिमेंटचा स्वार घडवला, कॉलर-बाही-खिसा सगळं नियमाबरहुकूम, आणि खालच्या पट्टीवर लिहिलं ‘१८१३’. सुबक काम, पण सपशेल चूक. कारण १८११ मध्ये पहिली, तिसरी, आठवी, नववी, दहावी आणि एकोणतिसावी या सहा ड्रॅगून रेजिमेंटांच्या हाती भाले देऊन त्यांना भालाईत केलं गेलं. १८१३ साली तिसरी ड्रॅगून रेजिमेंट कागदावर उरली नव्हती. जी फौजच नव्हती तिचा हा बिनचूक शिपाई!

मराठी घरांत लहानग्या फौजेचं अप्रूप नवं नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर कुंभाराकडचे मावळे येतात, बुरुजावर तोफ चढते आणि महाराज सिंहासनावर बसतात. तिथे मावळ्याच्या अंगरख्याचं साल कुणी विचारत नाही. एकाचं डोकं उडालं असेल तर त्याला ‘धारातीर्थी पडला’ म्हणून उतारावर आडवा करतात. युरोपातही सुरुवात अशाच मोकळेपणाने झाली. १८व्या शतकात न्यूरेंबर्गच्या कारागिरांनी कथलाचे चपटे शिपाई ओतायला घेतले, जाडीला नाण्याएवढे, दोन्ही बाजूंनी रंगवलेले. स्ट्रासबुर्गमध्ये कागदी शिपायांची परंपरा होती. तिथल्या सिल्बरमान छापखान्याने १८४०च्या दशकात रंगीत छपाईचे तक्ते काढले, मुलांनी ते कापून पुठ्ठ्यावर चिकटवायचे. पॅरिसात १८व्या शतकाच्या अखेरीपासून ल्युकोत या कारखान्याचे शिशाचे भरीव शिपाई निघू लागले. खालच्या चकतीवर ‘एल’ आणि ‘सी’ या दोन अक्षरांमध्ये एक मधमाशी, ही त्यांची खूण. मधमाशी हे नेपोलियनच्या साम्राज्याचं चिन्ह. पुढे हे घराणं मिन्योच्या कारखान्यात विलीन झालं आणि मिन्योचे शिपाई आजही जमवले जातात.

मिन्योचा स्वार हातात घेतला की वजन जाणवतं. लंडनच्या विल्यम ब्रिटनने १८९३ मध्ये पोकळ ओतकामाची युक्ती बाजारात आणली. साच्यात शिसं ओतायचं, बाहेरचा थर घट्ट होताच आतलं पातळ शिसं झटकन बाहेर काढायचं. धातू वाचला, किंमत उतरली आणि फ्रेंच भरीव शिपाई महाग ठरला. पण घोडेस्वाराच्या बाबतीत भरीव असण्याला अर्थ होता. चार बारीक पायांवर घोडा, वर माणूस आणि त्याच्या हातात उगारलेली तलवार. तोल साधायला खाली वजन हवंच.

खरी अडचण घोड्याचीच आहे. पायदळाच्या शिपायाला एक गणवेश असतो, घोडेस्वाराला दोन: एक त्याचा आणि एक घोड्याचा. खोगीर, तंग, रिकीब, लगाम, मुखपट्टा, खोगिरावरची झूल, झुलीची किनार, पिस्तुलांचे कप्पे, मागची वळकटी. हलक्या घोडदळाच्या साध्या स्वाराला मेंढीच्या पांढऱ्या कातड्याची झूल आणि तिला रंगीत कापडाची करवती किनार. जड घोडदळाचं खोगीर वेगळ्या घडणीचं. त्यात उंचीचा हिशेब. क्युरासिए म्हणजे छातीवर चिलखत घालणारे जड स्वार; त्यांच्या घोड्याची उंची सुमारे १६० सेंटिमीटरपर्यंत, तर हुसारांच्या हलक्या घोड्याची दीडशेच्या आसपास. १/३२ या प्रमाणात हे अनुक्रमे ५ सेंटिमीटर आणि पावणेपाचच्या जरा आत. फरक तीन मिलिमीटरचा. तेवढा नजरेआड करून एकाच साच्यातला घोडा दोघांच्या बुडाखाली देणारे कारखाने पुष्कळ. या व्यवहाराला मराठीत खोगीरभरतीशिवाय दुसरा शब्द नाही.

घोड्याच्या रंगांची नावं सांगायला मात्र मराठीइतकी सोयीची भाषा क्वचित. क्युरासिए शक्यतो गडद घोड्यांवर, संरक्षक दलातले उंच अस्वली टोप्यांचे ग्रेनेडिए काळ्याभोर मुश्कीवर, तुतारी फुंकणारा सब्ज्यावर. तुतारीवाल्याला राखाडी-पांढरा घोडा देण्यामागे हौसेपेक्षा गरज मोठी होती. धुरात आणि धुळीत सेनाधिकाऱ्याचा हुकूम तुतारीतूनच जायचा, तेव्हा तुतारीवाला लांबून हुडकता आला पाहिजे. आपल्याकडच्या जुन्या हिशेबाने पाहिलं तर फ्रेंच स्वार हा बारगीर, शिलेदार नव्हे. घोडा सरकारी पागेचा. म्हणून तर सरकारला घोड्याची उंची ठरवता आली.

घोडा दौडतो कसा, हाही वादाचा विषय. जुन्या खेळण्यांतले स्वार भरधाव निघतात तेव्हा घोड्याचे पुढचे पाय पुढे, मागचे मागे असे ताणलेले असतात, लाकडी डोलघोड्यासारखे. शतकानुशतकं चित्रकार असंच काढत आले. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज याने दौडत्या घोडीची छायाचित्रं ओळीने लावलेल्या कॅमेऱ्यांनी टिपली आणि उलगडलं की चारही पाय एकदम हवेत असतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. ताणलेले असताना नव्हे. फ्रेंच चित्रकार मेसोनिए याला या विषयाचा ध्यास होता. ‘१८०७, फ्रीडलँड’ या त्याच्या गाजलेल्या चित्रात क्युरासिए नेपोलियनसमोरून दौडत जातात. ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. घोड्यांचे पाय बघायला त्याने आपल्या आवारात रूळ टाकून घेतले होते आणि गाडीत बसून घोड्याबरोबर जात तो टिपणं करायचा. मेणाचे लहान घोडेही घडवायचा. पण ते चित्र पुरं झालं १८७५ मध्ये, मायब्रिजच्या तीन वर्षं आधी.

मग मिन्योच्या जुन्या साच्यातला ताणलेल्या पायांचा घोडा चूक म्हणायचा का? कडवे संग्राहक म्हणतात, चूक. पण नेपोलियनच्या काळातल्या माणसाला दौडता घोडा तसाच दिसायचा, निदान तसाच आठवायचा, याला पुरावा म्हणून त्या घोड्याकडे बघता येतं. फक्त त्याच्या शेजारी पोटाखाली पाय घेतलेला आधुनिक घोडा ठेवू नये. दोन्ही विचित्र दिसतात.

१९६०च्या दशकात पॅरिसात हिस्टोरेक्स नावाचे प्लास्टिकचे संच आले आणि छंदाचं तंत्रच पालटलं. शिपाई तयार मिळत नव्हता, सुटा मिळत होता. घोड्याचं धड दोन फाकांत, मान वेगळी, शेपूट वेगळी, स्वाराचे हात-पाय-धड-डोकं वेगळं, आणि बकला-पिस्तुलांसारखे भाग नखापेक्षा लहान. यादीतून सुटे भागही मागवता यायचे, त्यामुळे एका रेजिमेंटचं धड, दुसरीची टोपी, तिसऱ्या तऱ्हेचा घोडा असा हवा तो स्वार जुळवता यायचा. लगाम आणि पट्टे मात्र ज्याचे त्याने करायचे. कुणी पातळ कागदाच्या पट्ट्या कापल्या, कुणी वाइनच्या बाटलीच्या गळ्याला असायचं ते शिशाचं पत्र्यासारखं वेष्टण जपून ठेवलं. त्या पत्र्याला सुरकुती पडते तशी कातड्यालाच पडते. एक हुसार पुरा व्हायला कित्येक आठवडे लागायचे, कारण हुसार म्हणजे फ्रेंच घोडदळातला नवरदेव: छातीवर आडव्या गोफांच्या ओळी, डाव्या खांद्यावर नुसतं लटकवलेलं केसाळ कातडी किनारीचं दुसरं जाकीट, कमरेला रंगीत गोफाचा पट्टा, गुडघ्याजवळ लोंबणारी चपटी थैली आणि कानशिलांपाशी वेण्या. शिवाय प्रत्येक रेजिमेंटची रंगसंगती निराळी. पाचव्या हुसारांचा कोट आकाशी आणि खांद्यावरचं जाकीट पांढरं, चौथ्यांचा कोट निळा आणि जाकीट लाल, सातव्यांचा कोट हिरवा आणि तुमान लाल.

पाचव्या आणि सातव्या हुसारांचा सेनापती लासाल हा संग्राहकांचा लाडका. ऑक्टोबर १८०६ मध्ये हजाराहून कमी हुसारांच्या बळावर त्याने श्टेटिन हा किल्ला थापा मारून घेतला. आत सुमारे पाच हजारांची शिबंदी होती. ढगळ तुमान, मिशा, हातात तलवारीच्या जागी पाइप, अशी त्याची मूर्ती बाजारात अनेक घडणावळींत मिळते. तीस वर्षांपलीकडे जगणारा हुसार कुचकामी, अशा अर्थाचं वाक्य त्याच्या नावावर सांगतात. तो स्वतः वाग्रामच्या रणांगणात ६ जुलै १८०९ रोजी पडला तेव्हा चौतिसाचा होता. तेव्हा त्याच्या मागे १८१२च्या पद्धतीची उंच टोपी घातलेले हुसार उभे केले, की जाणकार पाहुणा काही न बोलता पट्टीवरचं साल वाचतो आणि पुढे सरकतो.

१८१२ साली काय झालं? त्या वर्षी बार्दाँ नावाच्या अधिकाऱ्याने तयार केलेले गणवेशाचे नवे नियम आले. कोट आखूड झाले. तुतारीवाल्यांनी तोवर रेजिमेंटच्या उलट्या रंगांत मिरवायचं किंवा कर्नलच्या लहरीप्रमाणे नटायचं, ते बंद करून सगळ्यांना सम्राटाच्या नोकरांचा हिरवा पोशाख लावला, त्यावर ‘एन’ अक्षर आणि गरुड विणलेली फीत. नियमांसाठी चित्रं काढली कार्ल व्हेर्ने याने. इतकं सगळं सरकारीरीत्या काढून ठेवलेलं असताना संग्राहकाने भांडायचं कशावरून?

भांडण इथेच सुरू होतं. नियम निघाला म्हणजे कापड निघालं असं नाही. जुना कोट टिकला तर टिकेपर्यंत अंगावर, हिरव्या पोशाखाची फीत आलीच नाही तर जुनीच, आणि कर्नल श्रीमंत असेल तर त्याची लहर नियमापेक्षा वरचढ. म्हणून गणवेशाचे अभ्यासक नियमांपेक्षा बघणाऱ्यांवर जास्त भिस्त ठेवतात. हॅम्बुर्गमध्ये ख्रिस्टोफर झूर या चित्रकाराने गावातून जाणाऱ्या फ्रेंच आणि मित्रफौजा दारातून बघून काढल्या. पॅरिसात मार्तिने या प्रकाशकाने त्याच काळात शिपायांची रंगीत चित्रं विकली. दुकानदार म्हटल्यावर थोडी नटवलेलीही असणारच. स्पेनमध्ये गेलेल्या ड्रॅगूनांच्या पांढऱ्या तुमानी झिजल्या तेव्हा त्यांनी मठांतलं साधूंचं तपकिरी कापड उचललं आणि त्याच्या विजारी शिवल्या. कोणत्याही नियमात नसलेली ती तपकिरी विजार आज स्पेनमधल्या ड्रॅगूनाची ओळख झाली आहे. नियमाप्रमाणे पांढरी तुमान घातलेला ड्रॅगून स्पेनच्या देखाव्यात उभा केला तर तोच नवखा दिसतो.

या सगळ्या पुराव्यांची चाळणी ज्याने केली तो ल्यूसियाँ रुसलो. १९४३ मध्ये, म्हणजे पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना, त्याने फ्रेंच सैन्याच्या गणवेशांचे तक्ते छापायला सुरुवात केली आणि अखेर १०६ तक्ते काढले. समोर आणि मागे उभा शिपाई, बाजूला बटण, बकल, खोगिराचा सांगाडा, आणि सोबत छापील टिपण. पुढच्या पिढ्यांतल्या मूर्तिकारांनी आणि रंगवणाऱ्यांनी डोळे मिटून रुसलोवर विश्वास टाकला. ज्यांची ऐपत किंवा फ्रेंच कमी पडली त्यांनी फंकन या बेल्जियन दांपत्याची पुस्तकं घेतली. ती रंगीत, देखणी आणि क्वचित घाईची. दक्षिण फ्रान्समधल्या सालाँ-द-प्रोव्हाँस इथल्या एंपेरी किल्ल्यात ब्र्यूनाँ बंधूंनी जमवलेले खरे कोट, खरी खोगिरं आणि पुतळ्यांच्या घोड्यांवर चढवलेले पुरे स्वार बघायला मिळतात. तिथे काचेला नाक लावून उभे असलेले लोक इतिहासाचे विद्यार्थी असतीलच असं नाही. बरेचदा खिशात रंगांची यादी असते.

कारण रंग हा शेवटचा आणि न सुटणारा प्रश्न. ड्रॅगूनांचा हिरवा नेमका कोणता? तेव्हा हिरवा रंग दोन बुडव्यांत करायचे: आधी नीळ, मग पिवळ्या वनस्पतिरंगाचं पाणी. उन्हात पिवळा आधी विटतो आणि निळा मागे राहतो. संग्रहालयातला दोनशे वर्षांचा कोट म्हणून निळसर दिसतो आणि त्यावरून रंग जुळवला तर विटक्याचीच नक्कल होते. त्यात १८०६ नंतर इंग्रजांशी व्यापारबंदी, समुद्रापलीकडची नीळ दुर्मीळ आणि कापडागणिक छटा वेगळी. शिवाय लहान वस्तूवर खरा गडद रंग काळाच दिसतो. म्हणून अनुभवी रंगारी हिरव्यात थोडा पांढरा किंवा पिवळा टाकून तो उजळवतात. एकाच रांगेतल्या आठ ड्रॅगूनांना आठ किंचित वेगळे हिरवे देणारा माणूस आळशी नव्हे, अभ्यासू समजावा.

जुना माल जमवणाऱ्यांपुढे पेच उलटा आहे. एखादा जुना ल्युकोत स्वार हाती आला, बाहीचा रंग चुकीचा. तो बरोबर रंगाने पुन्हा रंगवला तर इतिहासाला धरून होईल, पण खेळणं म्हणून मातीमोल. मूळ कारखान्याचा रंग, टवके उडालेला का असेना, त्यालाच मोल. त्यामुळे एकाच घरात दोन कपाटं असतात: एकात चुकीचे पण अस्सल, दुसऱ्यात बिनचूक पण नवे. कपाटाचं लाकूड हीसुद्धा काळजीची बाब. ओकच्या लाकडातून अ‍ॅसेटिक आम्लाची वाफ सुटत राहते आणि बंद कपाटात तिच्यामुळे शिशावर पांढरी भुकटी धरते. आधी घोड्याचा खूर, मग पोटरी, मग एके दिवशी स्वार आडवा. ऐटबाज ओकच्या कपाटातल्या शिशाच्या फौजेला शत्रू लागत नाही. काच आणि धातूचे कप्पे, खेळती हवा, कोरडेपणा, इतकं पाळलं तर शिसं टिकतं; कोकणच्या किनाऱ्यावर एखाद्याने हा छंद धरलाच तर ही यादी रुसलोच्या तक्त्यांआधी वाचावी. १९६६ मध्ये ब्रिटनच्या कारखान्याने शिशाचे शिपाई बंद केले, कारण शिसं मुलांच्या तोंडात जाणं धोक्याचं. त्यानंतर शिशाचा शिपाई हे मोठ्यांचंच खेळणं झालं.

पॅरिसच्या अँवालिद इथल्या सैन्य संग्रहालयात एका चिलखतापाशी संग्राहक रेंगाळतात. काराबिनिए या दोन रेजिमेंटा फ्रेंच घोडदळात मानाच्या. वाग्रामला त्यांची फार हानी झाली, तेव्हा १८१०च्या सुमारास त्यांचा निळा कोट आणि अस्वली टोपी जाऊन पांढरा कोट, लाल पिसाऱ्याचं शिरस्त्राण आणि पितळी पत्र्याने मढवलेलं चिलखत आलं. म्हणजे ‘काराबिनिए’ एवढंच लिहिलेल्या खोक्यात दोन अगदी वेगळे स्वार निघू शकतात. संग्रहालयातलं चिलखत दुसऱ्या तऱ्हेचं, फोव्हो नावाच्या स्वाराचं. उजव्या छातीवर वाटीएवढं भोक, पाठीच्या पत्र्यातून तसंच बाहेर. १८ जून १८१५, वॉटर्लू, तोफेचा गोळा. त्या दुपारी चारच्या सुमारास मार्शल ने याच्या हुकमाने हजारो स्वार इंग्रजांच्या चौकोनी फळ्यांवर तुटून पडले होते.

फोव्होच्या लष्करी नोंदीत त्याचं वर्णन आहे: वय तेवीस, उंची १ मीटर ७९, लांबट चेहरा, निळे डोळे, गालांवर वांगाचे बारीक ठिपके. ३२ने भागलं तर उंची ५६ मिलिमीटर येते आणि डोकं हरभऱ्याएवढं. भोक पाडायला बारीक गिरमिट पुरतं, पितळेचा रंग बाजारात मिळतो, पिसाऱ्याचा लाल कुठला याचं उत्तर रुसलोकडे आहे. या स्वाराचं साल कुणी विचारत नाही. तारीखसुद्धा माहीत आहे. हरभऱ्याएवढ्या चेहऱ्यावर ते ठिपके कसे काढायचे, यावर रंगारी अजून अडून बसतो. एक केस उरलेला कुंचला तपकिरी रंगात टेकवतो, कागदावर निम्मा पुसतो आणि श्वास रोखून धरतो.